एक्सेलमध्ये पिल्लं वाढवली की नफा वाढतच जातो, असं कसं? (वराहपालनाचं गणित)

आकडेमोड

नमस्कार मंडळी. मी अकाउंट्सचा माणूस, जनावरांचा अनुभव शून्य, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. कामाचा भाग म्हणून एका मोठ्या बंदिस्त वराहपालन प्रकल्पाचं आर्थिक मॉडेल तपासायला आलंय. धंदा असा की माद्या ठेवायच्या, पिल्लं काढायची, दूध तोडलं की २५-३० किलोपर्यंत वाढवायची आणि पुढे वजनावर नेणाऱ्या फार्मला विकायची. मोठं जनावर विकायचंच नाही.

शीटमध्ये "दर मादीमागे वर्षाला दूध तोडलेली पिल्लं" असा एक सेल आहे आणि त्याच्याच तालावर सगळं मॉडेल नाचतं. २४ टाकलं की तोटा, २८ टाकलं की जेमतेम बरं, ३३ टाकलं की पाच वर्षांत कर्ज फिटून वर पैसे. साहजिकच ज्यानं मॉडेल बनवलंय त्यानं ३३ टाकलंय. मी गंमत म्हणून ४५ टाकून बघितलं तर नफा अजून वाढला, म्हणजे शीटला कुठे ब्रेकच नाहीये. हे मला पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही कारण त्या जनावराबद्दल मला काही माहीत नाही.

दुसरं असं की जन्मानंतरची मरतूक १५ टक्के धरलीये पण तिचा खर्च कुठेच दिसत नाही. मेलेलं पिल्लू फक्त संख्येतून वजा होतं, पैशात नाही. हे असंच धरतात का? कोणी या धंद्यात काम केलं असेल तर सांगा प्लीज.

---

खुराकमास्तर

बरीच वर्षं अशाच युनिटवर मॅनेजर होतो, आता नाही. तुमच्या शीटवाल्यानं खोटं काही केलेलं नाहीये, अर्धवट केलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दूध तोडायच्या वयाच्या पिल्लाला स्वतःचा असा खर्च जवळजवळ नसतोच. तीन-चार आठवड्यांचं सहा-सात किलोचं पिल्लू, त्यानं तोवर स्वतःच्या तोंडानं दाणा खाल्लेला असतो तो काहीशे ग्रॅम. आयर्नचं एक इंजेक्शन, एखाद-दोन लसी, दिव्याची वीज, संपलं. बाकी सगळा खर्च आईचा. तिचं खाद्य, तिची जागा, तिच्यावर राबणारा माणूस, ती विकत घेतली किंवा वाढवली त्याचे पैसे. आणि हा खर्च तिनं आठ पिल्लं दिली काय न चौदा दिली काय, फारसा बदलत नाही. त्यामुळे पिल्लाची किंमत म्हणजे आईचा खर्च भागिले पिल्लं, आणि भागाकार आला की सगळे छेद वाढवायच्या मागे लागतात. सगळ्या जगात हेच चाललंय.

चलन सोडा, खाद्याच्या किलोत हिशेब मांडा, म्हणजे भावाच्या चढउतारात अडकायला होत नाही. एक मादी वर्षाला साधारण ११०० ते १२०० किलो खाद्य खाते, गाभण असताना दिवसाला अडीच-तीन किलो आणि पाजत असताना सहा ते आठ किलो. मधला ११५० धरू. वर्षाला २४ पिल्लं असतील तर पिल्लामागे ४८ किलो आईचं खाद्य पडलं. २८ असतील तर ४१. ३३ असतील तर ३५. बघा नीट, २४ वरून २८ वर जाताना चार पिल्लांनी सात किलो वाचवले, आणि २८ वरून ३३ वर जाताना पाच पिल्लांनी सहाच किलो. पुढे अजून कमी. तुमचं शीट ही गोष्ट दाखवतच नाहीये असं नाही, पण ते पिल्लागणिक ठरलेला विक्रीभाव धरतंय म्हणून ही घसरण झाकली जाते. प्रत्येक नवीन पिल्लू त्याला पूर्ण भावात विकलेलं दिसतं. खरी गोम तिथे आहे. तेहेतिसावं पिल्लू हे पहिल्या पिल्लासारखं नसतंच.

आता मरतुकीचं. मेलेल्या पिल्लाचा खर्च शून्य नाही, पण ते केव्हा मेलं यावर सगळं आहे. परत किलोत सांगतो. दूध तुटेपर्यंत आईचे ४१ किलो. तिथून ३० किलोपर्यंत वाढायला, एक किलो वजनाला १.६ किलो खाद्य धरलं तर साधारण ३७ किलो. आणि ३० वरून ११५ किलोपर्यंत, किलोला २.७ धरलं तर जवळजवळ २३० किलो. म्हणजे बाजारात गेलेल्या एका डुकराच्या मागे तीनशेच्या वर किलो खाद्य, त्यात आईचा वाटा फक्त ४०. दुसऱ्या दिवशी आईखाली चेंगरून मेलं तर गेले ते हेच ४०, आणि ते सुद्धा आधीच खर्च झालेले, त्यातून उरलेल्या भावंडांना थोडं जास्त दूध मिळतं ते वेगळं. पण शंभर किलोचं जनावर मेलं तर अडीचशेच्या वर किलो खाद्य आणि कित्येक महिन्यांची जागा सगळं पाण्यात. म्हणून मॅनेजर लोक पहिल्या दोन-तीन दिवसांच्या मरतुकीकडे जितकं बघायला पाहिजे तितकं बघत नाहीत. पेपरवर ती स्वस्त आहे.

---

सडावरचा_डॉक्टर

वर खुराकमास्तरांनी पैशाचं बरोबर सांगितलंय, मी ब्रेक कुठे आहे ते सांगतो, कारण तो एक्सेलमध्ये नाही, मादीच्या अंगात आहे.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगप्रतिकाराचं जवळपास काही नसतं, डुकरीणीच्या वारेतून अँटीबॉडी पिल्लाकडे जातच नाहीत. सगळं चिकातून मिळतं आणि तेही पहिल्या चोवीस तासांत, त्यानंतर आतड्याचं दार बंद होतं. एका पिल्लाला कमीत कमी २०० ते २५० ग्रॅम चीक पोटात जायला हवा. आता मजा बघा, मादीला किती चीक येतो हे तिला किती पिल्लं झाली यावर अवलंबून नसतं. बारा झाली म्हणून कमी नाही आणि अठरा झाली म्हणून जास्त नाही, साधारण साडेतीन-चार किलोच्या आसपास. भागाकार करा. पंधरा-सोळाच्या पुढच्या पिल्लाला वाट्याला येतो तो उरलासुरला, आणि तो उशिरा जन्मलेल्या, गारठलेल्या, सडापर्यंत पोचायची ताकद नसलेल्याच्या नशिबी. एक्सेलमधला भागाकार आणि हा भागाकार उलट्या दिशेनं चालतात.

वजनाचंही तेच. वेतात एक पिल्लू वाढलं की सरासरी जन्मवजन साधारण ३५-४० ग्रॅमनं उतरतं. ऐकायला कमी वाटतं, पण सरासरी उतरते तेव्हा खालचं टोक जास्त लांब होतं, दीड किलोचं भावंड आणि सातशे ग्रॅमचं भावंड एकाच वेतात. किलोच्या आतल्या पिल्लाची जगायची शक्यता झपाट्यानं कमी होते. त्याच्या अंगावर चरबी नाही, नवजात बाळाला ऊब देणारी जी खास चरबी बाकी बऱ्याच प्राण्यांत असते ती डुकरात नसतेच, आणि त्याला पहिल्या दिवशी हवं असतं ३४ अंशाच्या आसपास तापमान. आईला मात्र १८-२० अंशात बरं वाटतं, त्याच्या वर गेलं की तिचं खाणं कमी होतं आणि खाणं कमी झालं की दूध. एका खोलीत दोन हवामानं सांभाळायची म्हणजे दिवा, हीटर, कोपऱ्यातलं झाकण. गारठलेलं पिल्लू दिवा सोडून आईच्या पोटाला चिकटून झोपतं आणि ती कूस बदलते तेव्हा खाली जातं. रिपोर्टमध्ये "चेंगरून" लिहितात पण खरं कारण पुष्कळदा रिकामं पोट. मेलेल्या पिल्लांची पोटं फाडून बघा, बऱ्याच जणांत दूध सापडत नाही.

आणि दूध सुद्धा नळ सोडल्यासारखं येत नाही हो. चाळीस मिनिटांनी ते तासानी एकदा आई पान्हा सोडते. आधी ती हळू हुंकारते, पिल्लं धावत येऊन कास ढुसकायला लागतात, हुंकार जलद होतो, आणि मग दूध येतं ते जेमतेम पंधरा-वीस सेकंद. तेवढ्यात ज्याच्या तोंडात सड आहे त्याला मिळालं, ज्याच्या नाही तो पुढच्या पान्ह्यापर्यंत उपाशी. दोन-तीन दिवसांत प्रत्येकाचा सड ठरून जातो आणि ज्या सडाला कोणी लागत नाही तो आटतो. मादीला सड असतात चौदा, सोळा. जिवंत पिल्लं अठरा. वरच्या दोघांचं काय करायचं हे तुमच्या शीटमध्ये कुठल्या ओळीत आहे ते बघा.

---

उगाच_एक

शीटमध्ये ४५ टाकून बघितलं हे वाचून हसू आलं. बँकेला पण असंच दाखवतात.

---

आकडेमोड

डॉक्टर, खुराकमास्तर, मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वरच्या दोघांची ओळ शोधली, नाहीये. "दाई मादी" असा एक शब्द मात्र एका नोटमध्ये आहे, "जादा पिल्लं दाई माद्यांकडे" एवढंच, खर्च काही लावलेला नाही. त्याचा अर्थ काय? आणि वेतं वर्षाला २.६१ धरलीत, ते जमतं का? हिशेब असा दिसतोय: गाभण ११४ दिवस, पाजणं २१, नंतर माजावर यायला ५, मिळून १४०, आणि ३६५ भागिले १४०.

---

खुराकमास्तर

२.६१ बघून मला धाप लागली. ह्यात मादी कधी उलटलीच नाही (म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही असं कधी झालंच नाही), कधी लंगडली नाही, कधी गाभडली नाही, माजावर यायला कधी उशीर केला नाही. असं एक वेत होऊ शकतं, कळप असा नसतो.

मादी एकदा उलटली की २१ दिवस गेले, कारण माज परत तेव्हाच. त्या एकवीस दिवसांत ती खाते, जागा अडवते, माणूस तिला बघतो, आणि देत काही नाही. आमच्याकडे ह्याला भाकड दिवस म्हणायचे. जी मादी विकायची ठरलीये पण गाडी आलेली नाही तिचे दिवस पण ह्यातच, आणि नवीन पहिलारू (पहिल्यांदाच विणारी मादी) आणली पण अजून भरवली नाही तिचे पण. सगळं मिळून चक्रामागे सरासरी पंधरा भाकड दिवस धरा, ते काही वाईट कळपाचे नाहीत. १५५ दिवस झाले, वेतं २.३५. तुमच्या ३३ ला २.६१ नं भागलं तर वेतामागे १२.६ पिल्लं येतात, ती तशीच ठेवून २.३५ नं गुणलं तर ३० पण भरत नाहीत. एवढ्या एका गोष्टीत तीन पिल्लं गळली आणि एकही पिल्लू मेलं नाही. म्हणून मी नेहमी सांगतो, पिल्लं वाचवायच्या गप्पा मारणाऱ्याला आधी भाकड दिवसांचं रजिस्टर दाखवा म्हणावं.

२१ दिवसांवर दूध तोडणं सगळीकडे चालत नाही. युरोपियन युनियनमध्ये नियम २८ दिवसांचा आहे, पिल्लं हलवायला वेगळी, पूर्ण रिकामी करून धुतलेली जागा असेल तरच २१ पर्यंत खाली येता येतं. बाकी बऱ्याच देशांत तीन आठवड्यांच्या आसपास तोडतात. पण लवकर तोडलं की वेतं वाढतात हे दिसतं, आणि तोडलेलं पिल्लू लहान आहे हे दिसत नाही. एकवीस दिवसांच्या पिल्लाचं आतडं दाण्याला तयार नसतं. दूध तोडल्यावरचा पहिला आठवडा हा सगळ्यात नाजूक, दोन-दोन दिवस दाण्याला तोंड लावत नाहीत, मग एकदम खातात आणि हगवण. पूर्वी यावर झिंक ऑक्साइडचा मोठा डोस खाद्यातून द्यायचे, स्वस्त आणि काम करायचं. युरोपियन युनियननं जून २०२२ पासून तो औषधी डोस बंद केला कारण झिंक शेणातून जमिनीत साचतं आणि जंतूंमध्ये औषधांना दाद न देण्याचा प्रश्न वाढतो. तेव्हापासून तिथे बरेच जण काही दिवस उशिरा तोडायला, महाग पहिलं खाद्य वापरायला लागलेत. म्हणजे बघा, एका सेलमध्ये बचत केली की दुसऱ्या सेलमध्ये बिल येतं.

दाई मादीचं असं. जिची स्वतःची पिल्लं तीन आठवड्यांची झालीत तिची पिल्लं तोडायची आणि तिच्याकडे इतर माद्यांची जादा नवजात पिल्लं लावायची. मात्र आधी त्यांना सख्ख्या आईचा चीक पिऊ द्यायचा, तो दाई देऊ शकत नाही. मग ती अजून तीन आठवडे पाजते. पिल्लं वाचतात, खरंच वाचतात. पण त्या मादीचं चक्र तीन आठवड्यांनी लांबलं, विण्याच्या खोलीतली जागा तेवढे दिवस अडली, आणि सगळ्या फार्ममध्ये सगळ्यात महाग जागा कुठली असेल तर ती विण्याच्या खोलीतली. त्या जागेत त्या आठवड्यांत दुसरी मादी विणार होती. तो खर्च दाईच्या पिल्लांवर टाका म्हणजे कळेल की ही पिल्लं बाकीच्यांपेक्षा किती महाग पडतात. शीटमध्ये नाहीये ना, मग ३३ फुकटचे आहेत.

---

बाजारभाव

सगळे पिल्लू किती खर्चाला पडलं ते बोलताय, विकायचं कोणत्या भावात ते कोणीच बोलत नाहीये, आणि माझ्या मते आकडेमोड साहेबांच्या शीटचं खरं दुखणं तिथे आहे. पिल्लं काढून विकणाऱ्याचा भाव त्याच्या खर्चावर ठरत नाही हो. घेणारा उलटा हिशेब करतो: मोठं झाल्यावर डुक्कर कितीला जाईल, त्यातून पुढच्या चार महिन्यांचं खाद्य वजा, जागा-मजुरी-मरतूक वजा, माझा नफा वजा, उरलं ते पिल्लाला. म्हणजे पिल्लाचा भाव हा उरलेला तुकडा असतो. मका-सोयाबीन महागलं की वजनावर नेणारा म्हणतो मला २३० किलो खाद्य घालायचंय, पिल्लाला कमी देईन. आणि त्याच वेळी तुमच्या माद्यांचं खाद्यही महागलेलं असतं. दोन्हीकडून मार. वर पिल्लू थांबवता येत नाही. धान्य गोदामात ठेवता येतं, ३० किलोचं पिल्लू पुढच्या आठवड्यात ३५ चं होतं आणि मागची बॅच त्याच खोलीची वाट बघत असते. घेणाऱ्याला हे माहीत असतं. त्यामुळे मंदीत पिल्लाचा भाव डुकराच्या भावापेक्षा जास्त टक्क्यांनी पडतो आणि तेजीत जास्त टक्क्यांनी चढतो.

आणि तेजी-मंदी येतेच. मादी भरवली त्या दिवसापासून जनावर बाजारात जायला साधारण दहा महिने लागतात, चार गाभणपणाचे आणि सहा वाढीचे. भाव चढलेला बघून सगळे माद्या वाढवतात, माल एकदम येतो तेव्हा भाव पडतो, सगळे माद्या कमी करतात, मग टंचाई. जर्मनीत आर्थर हानाऊनं १९२० च्या दशकात डुकराच्या भावांवर हे दाखवलं आणि पुढे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ते कोळ्याच्या जाळ्यासारख्या आकृतीनं शिकवायला लागले. चीनमध्ये २०१८ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर आला, माद्यांचे कळपच्या कळप गेले, २०१९ मध्ये डुकराचे आणि पिल्लांचे भाव आभाळाला भिडले, सगळे परत धंद्यात उतरले आणि २०२१ मध्ये भाव धाडकन खाली. ज्यानं तेजीच्या भावानं पिल्लं घेतली तो बुडाला.

डेन्मार्क बघा, दरवर्षी एक कोटीहून जास्त पिल्लं जिवंत बाहेर पाठवतो, मुख्यतः पोलंड आणि जर्मनीला. माद्या सांभाळण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही, पण तिकडचा वाढवणारा थांबला की यांचा भाव पडतो. शीटमध्ये पाच वर्षं एकच भाव धरलाय का? धरला असेल तर ३३ आणि २८ चा वाद करण्यात काही अर्थ नाही, भाव वीस टक्के खाली घेऊन बघा आधी.

---

मधली_सुट्टी

मी वाचतेय कधीची आणि मला खुराकमास्तरांचं एक वाक्य पचत नाहीये, "पेपरवर ती स्वस्त आहे". तुम्ही खरं बोललात म्हणून राग तुमच्यावर नाही दादा, पण या एका ओळीत सगळं आलं की. दहातली एक-दोन पिल्लं पहिल्या आठवड्यात उपासमारीनं आणि थंडीनं मरणार हे आधीपासून माहीत असून जास्त पिल्लं देणारी जात तयार करायची, कारण वरची पिल्लं काढायला खर्च येत नाही. म्हणजे मरणाचा खर्च हिशेबात नाही म्हणून मरण हिशेबात बसतं. आणि आईचं? दोन मीटर लांब न साठ सेंटिमीटर रुंद पिंजरा, वळता येत नाही, विण्याआधी तिला घर करायला गवत ओढायचं असतं, जंगली डुकरीण तेच करते, तर हिच्यासमोर लोखंडाची नळी. नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंडमध्ये हे पिंजरे नेहमीसाठी वापरत नाहीत आणि तिथे डुकरं अजून आहेत. कॅलिफोर्नियात २०१८ ला लोकांनी मत देऊन मादीला २४ चौरस फूट जागा नसेल तर तिचं आणि तिच्या पिल्लांचं मांस विकायला बंदी घातली, धंदेवाले सुप्रीम कोर्टात गेले आणि २०२३ मध्ये हरले. मग परवडत नाही म्हणजे नक्की कोणाला परवडत नाही?

---

खुराकमास्तर

@मधली_सुट्टी ताई, राग करा, हरकत नाही. एक दुरुस्ती फक्त, कॅलिफोर्नियाचा नियम गाभण माद्यांच्या जागेवर जास्त आहे, विण्याच्या दिवसांत आणि पाजताना त्याला सूट आहे. तुम्ही ज्या पिंजऱ्याबद्दल बोलताय तो त्या नियमात अडकत नाही. युरोपियन युनियनमध्येही तसंच, २०१३ पासून गाभण माद्या पहिले चार आठवडे सोडून मोकळ्या ठेवाव्या लागतात, पण विताना पिंजरा चालतो.

पिंजऱ्याचं गणित असं की मोकळ्या खोलीला साधारण दीडपट तरी जागा लागते, आणि जागा म्हणजे बांधकाम, बांधकाम म्हणजे कर्ज. शिवाय मोकळ्या मादीखाली पिल्लं जास्त चेंगरतात, निदान सुरुवातीचे तीन-चार दिवस. पण हेही सांगतो, लहान वेत आणि जाडजूड पिल्लं असतील तर हा फरक बराच कमी होतो. अठरा पिल्लं देणारी मादी आणि मोकळी खोली ह्यांचं जमत नाही. म्हणजे पिंजरा हा बऱ्याच अंशी त्या ३३ च्या आकड्याची किंमत आहे. ह्यावर आपलं दोघांचं फार वेगळं मत नसावं.

---

सडावरचा_डॉक्टर

ताईंच्या मुद्द्यावर एक भर. धंद्यातल्या लोकांना हे कळलेलं नाही असं नाही. डेन्मार्कनं २००४ पासून पैदाशीसाठी निवड करताना जन्मलेली एकूण पिल्लं मोजणं सोडून पाचव्या दिवशी जिवंत असलेली पिल्लं मोजायला घेतलं. एका आकड्याची व्याख्या बदलली आणि त्यानंतर जगण्याचं प्रमाण सुधारलं. मोजमाप बदललं की जनावर बदलतं, दहा पिढ्या लागतात पण बदलतं.

पण माझं म्हणणं असं की नवजात मरतूक "स्वस्त" आहे हेही पूर्ण खरं नाही, कारण जे मेलं नाही त्याच्याकडे कोणी बघत नाही. आठशे ग्रॅमचं जन्मलेलं, चीक कमी मिळालेलं, तरी कसंबसं वाचलेलं पिल्लू रजिस्टरमध्ये "दूध तोडलं" म्हणून एक टिक मिळवतं. तीन आठवड्यांनी त्याचं वजन चार किलो, भावंडाचं साडेसात. त्याला तो महाग पहिला दाणा जास्त दिवस लागतो, हगवण आधी त्यालाच, औषध त्याला, आणि सगळ्यात महाग म्हणजे दिवस. खोली पूर्ण भरायची, पूर्ण रिकामी करायची, धुवायची, मग पुढची बॅच, अशी पद्धत असेल तर शेवटची दहा टक्के पिल्लं वजनाला पोचत नाहीत म्हणून खोली अडते. मग मॅनेजर काय करतो, ती मागे राहिलेली उचलून पुढच्या लहान बॅचमध्ये टाकतो, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे जंतू. पीआरआरएससारखा (माद्या गाभडवणारा आणि पिल्लांना श्वासाचा त्रास देणारा विषाणूचा) आजार फार्ममधून जाता जात नाही त्यामागे हे एक मोठं कारण. मेलेलं पिल्लू चाळीस किलो खाद्याला पडलं, अर्धवट वाचलेलं पिल्लू कितीला पडलं ते कोणी मोजतच नाही.

आकडेमोड, त्या सेलमधली सगळी पिल्लं एकाच भावानं विकलीयेत ना? घेणारा लहान-मोठी बघून घेतो. कमी वजनाच्याला भाव कापतो नाहीतर घेतच नाही.

---

आकडेमोड

हो, एकच भाव. आणि एकच वजन, सगळी ३० किलो, त्याच दिवशी. आता माझं मलाच हसू येतंय, मी आठवडाभर व्याजाचा दर तपासत बसलो होतो.

तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं घालून कच्चं काम केलं. वेतं २.३५, दाई माद्यांना वेगळी ओळ आणि विण्याच्या खोलीचे दिवस त्यांच्यावर, विकलेल्या पिल्लांचे तीन वजनगट. आता ब्रेक लागला. वेतामागची पिल्लं वाढवत गेलो तर नफा वाढतो, मग सपाट होतो आणि पुढे खाली येतो. कुठे सपाट होतो ते कमी वजनाची पिल्लं किती टक्के धरतो त्यावर बदलतं, तो आकडा माझ्याकडे नाहीये. बाजारभाव साहेबांचं वीस टक्के पण करून बघितलं, ३३ ला सुद्धा लाल आलं, त्याबद्दल वरिष्ठांशी बोलावं लागेल.

एक शेवटचं, माद्या बदलायचा दर ४५ टक्के धरलाय. म्हणजे दरवर्षी जवळजवळ निम्मा कळप नवीन? हा आकडा चुकून पडलाय की खरंच एवढा असतो?

---

खुराकमास्तर

चुकून नाही, बऱ्याच मोठ्या फार्मवर ४० ते ५० टक्के असतोच. आणि ह्यात अजून एक भोक आहे. पहिलारू मादी वाढवायला किंवा विकत घ्यायला जो खर्च होतो तो तिसऱ्या वेताच्या आसपास वसूल होतो, आणि सगळ्यात चांगली पिल्लं ती तिसऱ्या ते पाचव्या वेतात देते. जी पहिल्या-दुसऱ्या वेतानंतर पायानं गेली, अंग बाहेर आलं, नाहीतर माजावर आलीच नाही, ती तोट्यातच गेली. सगळे सड भरून पिल्लं पाजून हाडं झालेली पहिलारू दुसऱ्या वेताला कमी पिल्लं देते हे तर नेहमीचं. विक्रीला गेलेल्या माद्या एका ओळीत आणि फार्मवर मेलेल्या दुसऱ्या ओळीत टाका. विकलेलीचे काही पैसे तरी येतात, मेलेलीचे येत नाहीत, वर विल्हेवाटीचा खर्च. शीटवाल्यानं सगळ्या विकल्यात असं धरलं असणार, बघा.

कमी वजनाच्या पिल्लांच्या टक्केवारीसाठी चालू असलेल्या कुठल्याही फार्मकडून दूध तोडतानाची एकेका पिल्लाची वजनं मागा. सरासरी नको, एकेकाची. तराजू असेल त्यांच्याकडे. नाही म्हणाले तर तेही तुमच्या रिपोर्टमध्ये लिहा.

---

उगाच_एक

सरासरी मागितली की लगेच देतात, एकेकाची मागितली की तराजू बिघडलेला असतो.

---

सडावरचा_डॉक्टर

वजनं मिळाली तर पाच किलोच्या खाली किती आहेत ते पहिलं मोजा. आणि मिळालेच तर जन्मवजनं पण, निदान एका बॅचची. विण्याच्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला विचारा, मॅनेजरला नको, रात्री विणाऱ्या माद्यांजवळ कोणी असतं का. बहुतेक ठिकाणी नसतं. रात्रपाळीला एक माणूस ठेवून पिल्लं पुसली, दिव्याखाली ठेवली, आधी जन्मलेल्यांना तासभर बाजूला करून उशिरा आलेल्यांना चीक पाजला तर मरतूक किती खाली येते तो आकडा शीटमध्ये घालून बघा, पगार विरुद्ध पिल्लं. मला उत्सुकता आहे काय येतं ते, इथे टाका.